वाहवासकट

रफीसाहेब गेले ३१ जुलैला, १९८० साली. किशोरकुमार जन्मले ४ ऑगस्टला, १९२९ साली. एकाची पुण्यतिथी आणि दुसऱ्याची जयंती पाच दिवसांत बसवून नियतीनं हौशी गायकांची मोठी सोय करून ठेवली आहे. जवळचा शनिवार-रविवार धरला की एकाच हॉलभाड्यात दोन्ही कार्यं उरकतात. परभणीतही उरकतात. शनिवारी रफी, रविवारी किशोर, आणि ज्यांचा आवाज दोन्हीकडे बसत नाही त्यांच्यासाठी मुकेश. मुकेशचे चाहते या वाक्यावर रागावतात, पण नंबर लावून गातात.

मी गात नाही. मी रेकॉर्डिंग करतो. हे सांगताना माझा आवाज आपोआप खर्जात जातो. गाणारे काय, उदंड आहेत, रेकॉर्डिंगवाला एकच. माझ्याकडे तळहातात मावणारा रेकॉर्डर आहे, त्याला छोटी तिपाई आहे आणि वाऱ्याचा आवाज अडवणारं एक केसाळ टोपरं आहे. एका लहान पोरीनं त्या टोपऱ्याला बिस्किट भरवायचा प्रयत्न केला होता. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची प्रमुख पाहुण्यांसाठी राखलेली असते. ‘‘ध्वनीचा मध्य इथंच येतो,’’ असं मी गंभीरपणे सांगतो आणि पाहुणे बिचारे बाजूला सरकतात. या वाक्याला शास्त्रीय आधार आहे की नाही ते मला माहीत नाही, पण खुर्चीला पंखा जवळ आहे. बाहेरगावच्या मित्राचा फोन आला तर मी ‘दस्तऐवजीकरण चालू आहे’ म्हणतो आणि ठेवून देतो.

सगळा कारभार कराओकेवर. हे यंत्र १९७१ साली जपानातल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकानं काढलं. पेटंट घ्यायचं राहिलं ते राहिलंच. पुढं २००४ मध्ये त्याला नोबेलची टिंगल करणारं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं; माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून. देणाऱ्यांनी परभणी पाहिली नसणार, पण मर्म अचूक ओळखलं. आमच्याकडे ‘बैजू बावरा’तल्या नौशादच्या, दरबारी रागातल्या रफीच्या त्या गाण्यावर दरवर्षी कुणी ना कुणी झडप घालतंच. सिनेमा १९५२चा, म्हणजे गाणाऱ्यांपैकी बरेचजण तेव्हा जन्मलेलेही नव्हते, पण शेवटच्या तार सुराशी त्यांचं वैर मात्र पिढीजात असल्यासारखं. तो सूर जवळ आला की आम्ही श्रोते खुर्चीचे हात घट्ट धरतो.

सोमवारी घरी ऐकायला बसलो. पुतण्यानं एक हेडफोन कानाला लावला आणि काढला. ‘‘काका, गाणं कोन्तं हाय तेच कळंना. तुमचंच वाहवा यायलंय सगळीकडं.’’

खरं होतं. मुखड्यावर एक वाहवा, अंतऱ्याच्या तोंडाशी एक, आणि गाणारा श्वास घ्यायला थांबतो त्या फटीत एक ‘क्या बात है’. माइक माझ्या पुढ्यात. त्यामुळं रफी, किशोर, मुकेश आणि समस्त परभणीकर यांच्यापेक्षा मी मोठा. प्रत्येक वाहवाला रेकॉर्डरचा लाल दिवा लागत होता. तो मी रात्रभर बघत होतो, आणि गाणारे फार रंगलेत असं समजत होतो.

आता इथं दाद या विषयावर बोलणं भाग आहे, आणि मला थांबवायला जवळ कुणी नाही.

पुण्यात दाद मानेनं देतात, तीही शेजाऱ्याला वारा लागणार नाही इतपत. मुंबईकर एक डोळा गायकावर आणि एक शेवटच्या लोकलवर ठेवून टाळी देतो. आमची गोष्ट वेगळी. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमचे आजोबा शाळेत उर्दू शिकले, शेताचे कागद उर्दूत, कोर्टातला अर्ज उर्दूत. राज्य गेलं, पण दाद द्यायची रीत घरात राहिली. मुशायऱ्यात ऐकणाराही कामाला लागलेला असतो, हे ते आम्हाला समजावून सांगत. शायर शेराची पहिली ओळ टाकतो, ती ऐकणाऱ्यांनी उचलून त्याच्याकडे परत करायची, म्हणजे तोही ती पुन्हा म्हणतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या ओळीची भूक वाढते. दाद उशिरा गेली तर बेअदबी, लवकर गेली तर त्याहून मोठी. फेब्रुवारीत परभणीच्या तुराबुल हक साहेबांच्या उरुसात कव्वाली ऐकायला ते आम्हाला नेत. कव्वालापेक्षा समोरच्या म्हाताऱ्यांकडे बघा म्हणत. कोण कधी हात उचलतो, ते शिका.

आणि सवय अशी की सुटता सुटेना. एकदा गंगाखेडला, म्हणजे साक्षात जनाबाईच्या गावात, कीर्तन रंगात आलेलं असताना आजोबा मोठ्यानं ‘‘मुकर्रर!’’ म्हणाले. बुवा थबकले. टाळकरी बुवांकडे बघायला लागले. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, ‘‘कोन मुकुंदा? कुटं हाय?’’ पण बुवा जाणते निघाले. हसले, आणि जनाबाईचा तोच चरण पुन्हा घेतला, आधीपेक्षा बरा. आजोबा पुढं कितीतरी वर्षं हे सांगायचे आणि दरवेळी त्यात बुवांनी त्यांना केलेला नमस्कार थोडा जास्त वाकलेला असायचा. आमच्या घराण्यात गाणं नाही, हे आहे.

म्हणून मला हॉलमधला खरा राग कशाचा येतो, सांगू? बेसुरांचा नाही. बेसूर माणूस निदान काहीतरी करत असतो. राग येतो तो उभ्या धरलेल्या मोबाइलांचा. मोबाइल धरलेल्या हाताला टाळी देता येत नाही. गाणाऱ्याला समोर माणसं दिसत नाहीत, मोबाइलच्या पाठी दिसतात. आणि प्रत्येकजण फक्त आपल्या घरचं माणूस टिपतो. ते खाली उतरलं की मोबाइल खाली, मान खाली. रेकॉर्डर लावून पहिल्या रांगेत बसलेल्या माणसानं हे बोलावं का, असं तुम्ही विचाराल. विचारा.

शनिवारी नवाच्या सुमाराला लाइट गेली. बाहेर धो धो पाऊस, आणि स्टेजवर नेमका वीज खात्यातला लाइनमन रफी गात होता. ‘‘उतर खाली अन् खांबावर चढ!’’ कुणीतरी ओरडलं. हॉल हसला, तोही हसला. हा गृहस्थ दरवर्षी ट्रॅकच्या अर्धा ठेका मागं असतो. पेटीवाला गाणाऱ्यासाठी थांबतो, ट्रॅक थांबत नाही. पडद्यावरची अक्षरं रंग बदलत पुढं जातात आणि हा त्यांच्या मागं धावत असतो. आता ट्रॅक नाही, माइक नाही, धावायचं कुणाच्या मागं? त्यानं मुखड्यापासून पुन्हा धरलं. पट्टी उतरवून, सावकाश. अंतऱ्याला हवं तिथं थांबला. एका मोबाइलच्या उजेडात त्याची पान्हा-पकडीनं जाड झालेली बोटं पँटीवर ठेका धरताना दिसत होती. इतकी वर्षं ऐकतोय, पण या माणसाला गाता येतं हे मला त्या रात्री कळलं.

रेकॉर्डर बॅटरीवर असल्यामुळं ते सगळं आलं आहे, पावसासकट. त्या तुकड्यात माझा आवाज नाही.

मग लाइट आली, ट्रॅक मधूनच भसकन सुरू झाला, लाइनमननं गाणं त्यावर परत म्हटलं, आणि लगेच सत्कार लागले. शाल, श्रीफळ, दोन शब्द. दोन शब्द किती मिनिटांचे असतात याचा पुरावा माझ्याकडे आहे. कार्यक्रमाच्या निम्म्याहून जास्त रेकॉर्डिंग सत्कारांचंच भरतं, आणि त्यातला आवाज सगळ्यात स्वच्छ आलाय, कारण तिथं मी वाहवा केलेली नाही.

आठवडाभर फोन येत राहिले. प्रत्येकाला आपलंच गाणं हवं. ‘‘आधीचं-नंतरचं कापून टाका,’’ हे वर. लाइनमनचाही आला. मी उत्साहानं अंधारातलं गाणं पाठवतो म्हणालो. ‘‘ते नको साहेब,’’ तो म्हणाला, ‘‘त्यात म्युझिकच नाही. लाइट आल्यावर परत म्हणलो ना ट्रॅकवर, ते द्या.’’ दिलं. अर्धा ठेका मागं असलेलं, माझ्या भरघोस वाहवांसह.

पुतण्या म्हणतो, आता अशी सॉफ्टवेअर आली आहेत की त्यातून माझा आवाज तेवढा वेचून काढता येतो. मी त्याला आजोबांची गंगाखेडची गोष्ट सांगितली. ती त्यानं आधी ऐकलेली होती.

तर दोन्ही रात्रींचं रेकॉर्डिंग अथपासून इतिपर्यंत माझ्याकडे आहे, आणि पूर्ण असं अजून कुणीही मागितलेलं नाही. कुणाला हवं असेल तर परभणीला या, चहा माझ्याकडे. पेनड्राइव्ह आपला आणावा. वाहवा काढून मिळणार नाही.