गाडीकडून अ‍ॅव्हरेज कसं काढून घ्यावं

१. आधी वही घ्या. शंभर पानी पुरे. दोनशे पानी घेतलीत तर गाडी विकताना उरलेली पानं वाया जातील, आणि आपला विषयच बचतीचा आहे. रकाने आखा: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, पंप, शेरा. टाकी फुल्ल करा, नॉझल आपोआप कट झालं की थांबा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करा आणि भागाकार करा. एवढी एकच सरळ पद्धत या विषयात आहे. फक्त कट झाल्यावर पंपावरचा पोरगा ‘राउंड फिगर करू का साहेब?’ म्हणेल आणि तुम्ही ‘कर’ म्हणाल. शास्त्र तिथे संपलं.

उत्तर तेरा पूर्णांक चार येईल. घाबरू नका, बहुतेकांचं असंच काहीतरी येतं. शेऱ्याचा रकाना त्यासाठीच आखलाय. ‘एसी होता.’ ‘घाट होता.’ ‘मेव्हण्याने चालवली.’ शेरा भक्कम असला की आकडा कितीही खाली गेला तरी दोष गाडीला लागत नाही, आणि तुम्हाला तर नाहीच नाही.

२. शोरूममध्ये बावीस सांगितलं होतं, हे आठवून झोप उडवून घेऊ नका. तो आकडा खोटा नाही. तो फक्त रस्त्यावरचा नाही. पुण्यात कोथरूडला, पौड रोडलगतच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. तिथे आणि तिच्यासारख्या इतर चाचणीसंस्थांमध्ये गाडी बंद खोलीत रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवर. समोर पंखा. एसी बंद. पडद्यावर एक रेघ सरकते आणि चालकाने वेग त्या रेघेवर ठेवायचा; गिअर कुठे बदलायचा तेही आधी ठरलेलं. पेट्रोल मापाने मोजत नाहीत, धुरातल्या कार्बनवरून हिशेब करतात. एकूण ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांच्याही आत काम संपतं. शहरी भागातला कमाल वेग ताशी ५० किलोमीटर, पुढच्या मोकळ्या भागातला ९०, आणि सगळ्याची सरासरी ३२च्या आसपास. रिक्षा आडवी येत नाही, वरात येत नाही, ‘काका, जरा थांबा, पर्स विसरले’ म्हणणारं कोणी मागे बसलेलं नसतं.

तुम्ही हेच सगळं करायचं, रोलर वगळून. टेकडीवरून खाली पौड रोडला उतरा. वेळ संध्याकाळी साडेसहाची. त्या वेळी सरासरी ३२चा वेग मिळाला तर अ‍ॅव्हरेजचा नाद सोडा आणि लॉटरीचं तिकीट काढा.

३. पेट्रोल पहाटे भरा. गारव्यात पेट्रोल दाट असतं, जास्त मिळतं, हे तुमच्या वडिलांनीही सांगितलं असेल. पेट्रोल दहा अंशांनी तापलं तर जेमतेम एक टक्का फुगतं, आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट आणि दुपार सारखीच. पण असल्या शंका नवशिक्यांनी काढू नयेत. सहाला उठा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या ‘भरवशाच्या’ पंपावर जा. जाण्यायेण्यात जळलेलं पेट्रोल वहीत धरू नका.

पाचशेचं कधीच मागू नका, पाचशे दहाचं मागा. पाचशेला मशिनमध्ये ‘सेटिंग’ असतं म्हणे. बनेल मालकाला पाचशे दहा हा आकडा सुचलेलाच नाही, अशी आपली श्रद्धा. पोरगा ‘झिरो बघा’ म्हणाला की शून्याकडे टक लावा. मापावर खरंच संशय असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावं लागतं आणि ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. मागे तीस मोटारसायकली उभ्या असतात, तेव्हा हा हक्क मनातल्या मनात बजावा.

४. टायरमध्ये हवा. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. ते वाचू नका. हवा भरणारा ‘किती टाकू?’ विचारेल, तुम्ही ‘किती टाकतोस?’ विचारा. तो ‘पस्तीस’ म्हणेल. झालं. कमी हवेने अ‍ॅव्हरेज खरोखर पडतं आणि उपाय जवळपास फुकट आहे, त्यामुळेच त्याला मान नाही. मान हवा असेल तर नायट्रोजन भरा. साधी हवा मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असते, उरलेल्याचे पैसे द्यायचे. व्हॉल्व्हवर हिरवी टोपणं मिळतात.

५. उतारावर न्यूट्रल. ही विद्या परंपरेने आलेली आहे. कात्रज उतरताना मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणा, ‘आता बघा, एक थेंब लागत नाही.’ कार्ब्युरेटरच्या काळात यात थोडं तरी तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय उचलला की उतारावर इंजिनाचं पेट्रोलच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलीत की इंजिन जिवंत ठेवायला पुन्हा पेट्रोल सोडावं लागतं. म्हणजे जास्त पेट्रोल जाळून तुम्ही इंजिनाचा ब्रेक गमावता आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर टाकता.

काही सिद्धपुरुष उतारावर चावीच फिरवतात. मग दोनचार वेळा दाबल्यावर ब्रेक दगड होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी आणखी मागे गेली तर ते लॉकही होतं. यातली बचत: शून्य. गिअरमध्येही तेवढंच लागलं असतं. ही पायरी वाचून सोडून द्या. अ‍ॅव्हरेज सांगायला माणूस शिल्लक लागतो.

६. एसी लावू नका. मे महिना, दुपारचे दोन, मागून आवाज येईल, ‘अहो, एसी लावा ना.’ सांगा, ‘आत्ता चढ आहे.’ चढ संपल्यावर सांगा, ‘आता बाहेरच छान हवा आहे.’ हायवेला लागलात की उघड्या काचांमुळे वाऱ्याचा अडथळा वाढतो, म्हणून काचाही बंद करा. मुलं लहान असतील तर यालाच सॉना म्हणतात असं सांगता येईल. मोठी असतील तर ती बसने येतील, तेवढंच वजन कमी.

७. वजनावरून आठवलं. डिकीतलं अनावश्यक सामान काढा. गणपतीला कोकणात जाताना मात्र ही पायरी गाळा: वर कॅरिअर, आत माणसं, येताना नारळ आणि तांदळाचं पोतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरचा भरपूर सराव होईल. या प्रवासाचा भागाकार करू नये. सुतकात हिशेब करत नाहीत, तसंच.

८. इथेनॉलचे आभार माना. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि तुमच्या शेऱ्याच्या रकान्याला कायमचा आधार मिळाला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा थोडी घट खरीच आहे. बाकीची तुम्ही त्याच खात्यात घाला. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांनी ही तक्रार जरा हळू आवाजात करावी. ऊस आपलाच आहे.

९. उजवा पाय हलका ठेवा, पुढचा सिग्नल लांबून बघा, ब्रेक मारावाच लागणार नाही असं चालवा, हायवेला ऐंशीच्या आसपास राहा. हे सगळं चालतं आणि फुकट आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

१०. आता आकडा जाहीर करणे. वर्षभरातला सर्वांत चांगला टँक निवडा, बहुधा महाबळेश्वरहून खाली येतानाचा. तेच तुमचं अ‍ॅव्हरेज. ‘वीसबीस’ म्हणू नका, ‘एकोणीस पॉइंट आठ’ म्हणा. दशांश चिन्हापुढे लोक वाद घालत नाहीत. साडूभाऊ चोवीस सांगतील. मनाला लावून घेऊ नका. शांतपणे विचारा, ‘टँक टू टँक काढलंत, की डॅशबोर्डवर दिसतं ते?’

साडूभाऊंनी इलेक्ट्रिक घेतली असेल तर प्रसंग अवघड आहे. गाडी बघायला लगेच खाली धावू नका. चहा संपवा, बशी ठेवा, आणि मग विचारा, ‘एका चार्जिंगला किती जाते?’ ते कंपनीचाच आकडा सांगतील. सांगू द्या. तोही रोलरवरच काढलेला असतो.