नानांचं हेल्मेट जमत नाही

मोहोपाड्यात हल्ली जमिनीचा सौदा चहा निवायच्या आत होतो. विमानतळ जवळ आला म्हटल्यावर काहींनी तर प्लॉट न बघताच टोकन देऊन टाकलं. लग्नंही दोन व्हिडिओ कॉलमध्ये ठरतात. अडून राहिलंय ते फक्त नानांचं हेल्मेट. त्यांचं ‘बघणं’ कधीपासून चालू आहे हे काकूंनाही आता नीट सांगता येत नाही. एक रंगाने पसंत पडतं, तर अंगाने जड निघतं. एक घरंदाज वाटतं, पण हनुवटीपाशी काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. एक सगळ्या बाजूंनी जुळत होतं, तर नेमकं बोलणी चालू असताना दुकानातल्या पोऱ्याच्या हातून फरशीवर आपटलं. “पडलेलं आपल्याला नको,” असं म्हणून नाना पनवेलहून रिकाम्या हाताने आणि रिकाम्या डोक्याने परत आले.

असे नाना प्रत्येक एमआयडीसीच्या आसपास सापडतात. इन्व्हर्टरचे असतात, वॉटर प्युरिफायरचे असतात, गुडघ्याच्या ऑपरेशनचे तर गल्लोगल्ली असतात. अभ्यास पूर्ण, खरेदी शून्य. आमच्या वाट्याला हेल्मेटचे नाना आले, याला कारण पाताळगंगेचा कारखानदारीचा पट्टा. नानांची सगळी नोकरी तिथल्या एका कंपनीत गेली. गेटवर हेल्मेट विसरलात तर आत प्रवेश नाही. पिवळं कामगाराचं, पांढरं साहेबाचं. डोक्यावर काही पडण्याची शक्यता नसलेल्या कँटीनच्या रस्त्यावरही नाना हेल्मेट घालून चालायचे. शिफ्ट सुटली की तेच डोकं उघडं करून, कंटेनर, टँकर, खड्डे आणि म्हशी यांच्यामधून स्कूटर दांड फाट्याकडे काढायचे. पाताळगंगेच्या पट्ट्यात सुरक्षेची हद्द कंपनीच्या कुंपणापाशी संपते, हे मी लहानपणापासून बघतो आहे. कुंपणाच्या आत ‘सुरक्षा प्रथम’ आणि बाहेर ‘बघू पुढे’.

शिफ्ट सुटल्यावर कोपरात हेल्मेट अडकवून जाणाऱ्या पोरांची रांग नाना नाक्यावर उभे राहून बघतात. इतरांना वाईट वाटतं ते पोरांनी डोक्यात घातलं नाही याचं. नानांचा आक्षेप तांत्रिक असतो. “याच्या कोपराला मिडियम पुरलं असतं. उगाच लार्ज घेतलंय.”

पण सल्ला विचारायचा तो नानांनाच. तुराड्याकडचा कोणी पोरगा येतो, “नाना, कंचा घेव मंग?” म्हणतो, आणि नाना आतून काकूंची शिवणकामाची टेप आणतात. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरते. सत्तावन्न-अठ्ठावन्न सेंटिमीटर म्हणजे मिडियम, एकोणसाठ-साठ म्हणजे लार्ज, पण कंपनीगणिक फरक पडतो म्हणून घालूनच बघायचं. नवीन हेल्मेट घट्टच हवं. गाल वर सरकून डोळ्यांखाली आले पाहिजेत, च्युइंगम चघळताना आतून गाल चावला गेला पाहिजे. मान हलवली की हेल्मेटने कपाळाची कातडी सोबत ओढली पाहिजे; डोकं उत्तरेला आणि हेल्मेट पूर्वेला असं होता कामा नये. मग पट्टा आवळायचा, आणि नाना मागून हेल्मेटची कड धरून पुढे लोटतात. निघून हातात आलं तर नापास. या परीक्षेत एकदा हेल्मेट पास झालं आणि पोरगाच पायरीवरून खाली गेला.

“आणि जीव कोण वाचवतं?” हा नानांचा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. पोरं बाहेरच्या चकचकीत कवचावर टिचकी मारतात. नाना आनंदाने मान हलवतात. जीव वाचवतो तो आतला थर्माकोल. आपटल्यावर तो दबतो, दबताना धक्का पितो, आणि डोक्याला थांबायला जरा सवड मिळते. एकदा दबला की परत फुगत नाही, म्हणून आपटलेलं हेल्मेट वरून कितीही छान दिसलं तरी बाद.

“थर्माकोल? म्हणजे गणपतीच्या मखराचा?”

“तोच. पण दाबून घट्ट केलेला.”

“पण नाना, मखराच्या थर्माकोलवर २०१८पासून बंदी आहे ना?”

या प्रश्नाने नाना दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी हा मुद्दा वाहतूक पोलिसासमोर मांडला म्हणतात.

पोलिसाशी त्यांची गाठ नेहमीचीच. मोटार वाहन कायदा १९८८चा, त्यातलं कलम १२९ हेल्मेटचं, २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपये आणि वर तीन महिने लायसन्स निलंबित. हे सगळं नानाच पोलिसाला ऐकवतात. मागे बसणाऱ्यालाही लागतं, चार वर्षांवरच्या पोरालाही लागतं, हेही सांगतात. “मग तुमचं कुठाय?” असं त्याने विचारलं की नाना शांतपणे म्हणतात, “निवड चालू आहे.” पुण्यातल्या हेल्मेटविरोधकांशी कोणी त्यांची तुलना केली तर मात्र भडकतात. २०१९च्या जानेवारीत पुण्यात सक्ती आली आणि विरोध करणाऱ्यांनी रस्ता गाठला, तेव्हा नाना टीव्हीसमोर ओरडत होते, “हे घालायचंच नाही म्हणतात! मी निवडतोय. फरक आहे.”

फरक आहे खरा. फक्त तो डांबरी रस्त्याला कळत नाही.

त्यांना तसं म्हणून दाखवायची माझी हिंमत नाही, कारण उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात. “मी वीसच्या वर जात नाही.” आणि हेच नाना पाच मिनिटांपूर्वी पोरांना सांगत असतात की वेगाचं सोडा, डोकं जमिनीपासून पाच फुटांवर आहे, उभ्या गाडीवरून पडलात तरी फुटेल. एका पोराने कुरकुर केली की हेल्मेटने केस जातात. नानांनी टोपी काढून आपलं तुळतुळीत डोकं पुढे केलं. “हे बघ. मी आयुष्यात रस्त्यावर एकदाही हेल्मेट घातलेलं नाही.” एवढा बिनतोड पुरावा मी दुसऱ्या कुठल्या वादात पाहिलेला नाही.

रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर मांडलेली हेल्मेटं हा त्यांचा खास शत्रू. १ जून २०२१पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे, आयएस ४१५१ हा त्याचा नंबर, हे ते विक्रेत्याला हेल्मेट उलटं करून दाखवतात. विक्रेता चिन्हाचा स्टिकर दाखवतो. नाना नखाने तो सोलून काढतात. “चारशे रुपयांत डबडं मिळतं, हेल्मेट नाही. अरे, इस्रो दारात असलेलं गाव हे!” यात खोटं काही नाही. आमच्या रसायनीत कारखाना असलेली सरकारी सेंद्रिय रसायनांची कंपनी १९६०ची. २०१७ साली केंद्राने तिथली युनिटं बंद करायचं ठरवलं, तेव्हा रॉकेटसाठी नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा प्लँट तेवढा इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला. त्याचा आणि ताडपत्रीवरच्या हेल्मेटचा संबंध काय, असं विचारायला विक्रेता घाबरतो आणि दुकान थोडं पुढे सरकवतो.

बेळगावचं वेगा त्यांना त्यातल्या त्यात जवळचं वाटतं. “सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, हेल्मेट आपलं आहे.” तरी घेतलेलं नाही.

रंगात आले की नाना लॉरेन्सची गोष्ट सांगतात. लॉरेन्स ऑफ अरेबिया, पहिल्या महायुद्धातला मोठा माणूस, १९३५च्या मे महिन्यात इंग्लंडातल्या गावरस्त्यावर मोटरसायकलवरून चालला होता. समोर दोन सायकलवाली पोरं आली, त्यांना वाचवायला गेला आणि फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा सर्जन होता. त्याला ते लागून राहिलं. त्याने लष्कराच्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्यांच्या जखमा अभ्यासल्या आणि १९४१ साली कागदावर मांडून दाखवलं की हेल्मेटने माणसं वाचतात. नानांच्या तोंडी ही गोष्ट इतकी घोळली आहे की आता ती सायकलवाली पोरं मोहोपाडा नाक्यावरच्या क्लासमधून सुटलेली असतात, आणि लॉरेन्स आपट्याहून येत असतो.

अशा माणसाच्या घरात गेल्या हिवाळ्याआधी मुलाने जाहीर केलं, की सगळ्यांनी गुलमर्गला जायचं आणि बर्फावरची स्कूटर, म्हणजे स्नोमोबाइल, चालवायची. नानांचा चेहरा उजळला. आता अख्खं नवीन क्षेत्र खुलं झालं!

महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. बर्फातलं हेल्मेट ही वेगळीच जात असते, हे आम्हाला तेव्हा कळलं. रस्त्यावरच्या हेल्मेटला वारा आत यायला भोकं हवीत; बर्फात तीच भोकं बंद करता आली पाहिजेत. मुख्य वैरी पडण्यापेक्षा श्वास. आपलाच गरम, दमट श्वास काचेवर बसतो, आधी धुकं होतं आणि उणे तापमानात त्याचाच बर्फ होतो. म्हणून दोन पदरी काच, मधे हवा कोंडलेली. त्याहून भारी म्हणजे काचेत बारीक तार, गाडीच्या बॅटरीवर गरम होणारी. नाकावर रबरी मुखवटा, श्वास काचेकडे न जाता खाली बाहेर पडावा म्हणून. बक्कल असं हवं की जाड हातमोजे न काढता उघडावं. आत कानटोपी घालणार असाल तर माप कानटोपीसकट घ्यायचं. आणि ही गाडी लोकांपर्यंत आणली कॅनडातल्या क्यूबेकच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियरने. त्याची स्की-डू १९५९ची. “तोच बॉम्बार्डियर, ज्याच्या नावाच्या कंपनीची विजेची यंत्रणा २०१५पासून मुंबईच्या लोकलमध्ये आली,” नाना सांगायचे. “म्हणजे लोकलला लोंबकळणाराही एका अर्थी...” इथे काकू उठून जायच्या.

धुक्याची परीक्षा घ्यायची तर थंडी हवी, आणि मोहोपाड्यात थंडी म्हणजे स्वेटर कपाटातून काढून पुन्हा ठेवण्यापुरती. नानांनी पुतणीचं हेल्मेट घातलं, फ्रीजरचं दार उघडलं आणि आत डोकं घालून श्वास सोडत बसले. फ्रीजरमधली कोळंबी सुटली, आइस्क्रीम वितळलं, काच मात्र स्वच्छ राहिली. कारण फ्रीजर हरला होता. तेव्हा खरा बर्फ शोधणं आलं. तोही आमच्या खालापूर तालुक्यात आहे. सांगडेवाडीला, इमॅजिकाच्या आवारात स्नो मॅजिका आहे. नाना पुतणीचं फुलफेस हेल्मेट घेऊन तिथे गेले. दारावरच्या मुलाने विचारलं, “काका, हे आत कशाला?” नानांनी त्याला दोन पदरी काचेपासून सुरुवात केली. मागे शाळेची सहल खोळंबली होती. बाई म्हणाल्या, “जाऊ द्या हो त्यांना, मुलं गोठायच्या आधी कंटाळून मरतील.” आत दहा मिनिटांत नानांच्या काचेवर दाट धुकं धरलं. समोरचं काही दिसेना, तरी ते खुशीत होते. सिद्धांत खरा ठरला होता. बाहेर आल्यावर त्यांनी पुतणीचं हेल्मेट नापास केलं. पुतणी रोज त्याच हेल्मेटने रसायनी स्टेशनला जाते आणि तिला काही तक्रार नाही, पण ती बर्फात जात नाही हा तिचा दोष.

गुलमर्गला काय झालं ते काकूंकडून ऐकावं. जानेवारी, गुडघाभर बर्फ, गाड्या रांगेने उभ्या. चालकाच्या डोक्यावर लोकरीची टोपी, आणि गाड्यांच्या सीटवर गिऱ्हाइकांसाठी दोन-चार हेल्मेटं पडलेली. नानांनी एकेक उचललं, उलटं केलं, आत बोट घालून थर्माकोल चाचपला. एक एक्सएल, एक पडलेलं, एकाला पट्टाच नाही. “या हेल्मेटवर मी बसणार नाही.” बसायचं गाडीवर असतं, हे सांगण्यात अर्थ नव्हता. काकूंनी त्यातलं जरा बरं उचललं, पदराने आतून पुसलं, कानटोपीवर चढवलं आणि चालकाच्या मागे बसून वरच्या उतारापर्यंत जाऊन आल्या. “कसं होतं?” मुलाने विचारलं. “थंड होतं. छान होतं. अजून एकदा जाऊया.”

तोपर्यंत नानांनी खिशातली टेप काढली होती. पहिल्या चालकाचं डोकं अठ्ठावन्न भरलं. दुसऱ्याचं साठ. मग बाकीचेही आले, सवारी नसलेले, चहा हातात घेतलेले. नानांनी त्यांना मोहोपाडी हिंदीत गालांची परीक्षा सांगितली, पट्टा आवळून हेल्मेट मागून लोटून दाखवलं, थर्माकोल सांगितला. मुलाने नको म्हटलं तरी सगळ्यांना आपला नंबर दिला.

मला वाटायचं, नानांना हेल्मेट नको आहे. हेल्मेट आलं की नाक्यावर त्यांना कोण विचारणार, ही त्यांची भीती आहे. अजूनही वाटतं. पण आमच्या आळीतल्या पोरांच्या डोक्यांवर आज बरोबर मापाचं, आयएसआयचं, न आपटलेलं हेल्मेट दिसतं, ते केवळ या उघड्या डोक्यामुळे, हेही तितकंच खरं. काकूंची स्कूटी तर नानांच्या पसंतीचं हेल्मेट घातल्याशिवाय चालूच होत नाही. त्यांच्यामागे नाना बसतात ते टोपी घालून. पोलीस हल्ली काकूंनाच अडवतो.

परवा संध्याकाळी गेलो तर नाना ओसरीवर फोन समोर धरून बसले होते. पडद्यावर बर्फ आणि एक गोरापान पोरगा, डोक्याला टेप गुंडाळलेला. टेप कानावरून गेली होती. “नीचे नहीं, नीचे नहीं!” नाना जिवाच्या आकांताने ओरडत होते. “भुवई के ऊपर लो! एक बोट ऊपर! और पीछे टेंगूळ किधर है तुम्हारा?” पोरगा मागे हात फिरवून टेंगूळ शोधू लागला. काकू आतून म्हणाल्या, “त्याला टेंगूळ कळलं नाही हो.” आणि पोरगा पलीकडून विचारत होता, “चाचा, टेंगूळ का साइज क्या लिखूँ?”