बासनातला अर्ज

संगणकाने दूरच्या साठवणयंत्राशी आरंभिलेल्या एकाच सत्रात अनेक जोडण्या असाव्यात, आणि हुकूम कोणत्याही वाटेने आला तरी क्रमांकानुसारच रुजू व्हावा, अशी तजवीज आय-स्कझीच्या २००४ सालच्या मानकाने इतमामाने केली असता, लिनक्सच्या मागणीदार बाजूच्या कारभाऱ्यांनी, हे काम वरच्या मजल्यावरील, अनेक वाटा सांभाळणाऱ्या मल्टिपाथ खात्याचे, असा शेरा मारून ती बासनात बांधली. एकाच कामास दोन खाती नकोत, हे तत्त्व निर्मळच (कचेऱ्यांना अद्याप न उमगलेले). परंतु २०१९ साली त्याच लिनक्सच्या ५.३ आवृत्तीत, दूरच्या सर्व्हरवरील फाइली पुरवणाऱ्या एनएफएसला ‘एनकनेक्ट’ नामक सनद मिळाली, आणि एका सर्व्हरकडे १६ जोडण्यांपर्यंत मुभा झाली. आय-स्कझीचा अर्ज मात्र बासनातच आहे.