अबंधित अंधार

७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि गावाचा कारभार गावाच्या हाती आला. तिजोरीची किल्ली तेवढी मुंबई-दिल्लीत राहिली.

रिझर्व्ह बँकेने २०२४च्या जानेवारीत देशातल्या पंचायतींचा हिशेब मांडला. २०२२-२३ साली एका पंचायतीची स्वतःच्या करांतून कमाई सरासरी २१ हजार रुपये. केंद्राचं अनुदान सुमारे १७ लाख. आता १७ लाख का थोडे झाले? पण पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के बंधित. ते पाणी नि स्वच्छतेवरच खर्चायचे. उरलेले ४० टक्के अबंधित, गावाच्या मर्जीचे. गावाची मर्जी काय असावी, हे २०२१ साली राज्य सरकारने शासन निर्णय काढून कळवलं: रस्त्यावरच्या दिव्यांची बिलं यातून भरा. ग्रामसभेने घसा कोरडा करून गटारीचा आराखडा केला होता, तो फायलीत. दिल्लीहून निघालेला पैसा सरपंच आणि ग्रामसेवकाने डिजिटल सहीचा डोंगल लावेपर्यंत गावात टेकला आणि महावितरणकडे, म्हणजे सरकारच्याच कंपनीकडे, मार्गस्थ झाला.

सुधारणा होतच नाहीत असं नाही. २०२४ साली सरपंचांचं मानधन दुप्पट झालं आणि ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाला. दोन-तीन गावांचा कार्यभार असलेल्यांनी सगळ्या दारांवरच्या पाट्या बदलून घ्याव्यात.

राहता राहिली घरपट्टी. वरून १७ लाख येत असताना २१ हजारांसाठी भावकीशी वाकडं कोण घेणार? पट्टी मागायला गेलं की ‘बघू सुगी झाल्यावर’. पण पंचायतीची निवडणूक लागू द्या! थकबाकीदाराला उभं राहता येत नाही, हे कायद्यातलं कलम गावाला तोंडपाठ आहे. मग तेच ‘बघू’वाले सकाळी सातला कार्यालयाच्या पायरीवर: “भाऊसाहेब, मागची-पुढची सगळी बाकी घ्या, पण पावती आत्ता फाडा, आणि दाखल्याचं तेवढं बघा.” वसुलीची कुठलीही मोहीम याच्या जवळपास येत नाही.

म्हणून आमची सूचना: निवडणुका दर तीन महिन्यांनी घ्याव्यात. वित्त आयोगाचीही अट आहेच, लोकनियुक्त मंडळ नसेल तर निधी नाही. अडचण एकच. २०२२ साली मुदत संपल्यावर आपल्या बहुतेक जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या आणि त्यांच्या वाट्याचा निधी अडकला. प्रशासकाला ना अर्ज भरायचा, ना दाखला जोडायचा; त्याच्याकडे घरपट्टीची पावती मागायची तरी कुणी?