चाटून सिद्ध झालेले

गेम खेळण्याचे यंत्र मुलांसाठी बनवावे की मोठ्यांसाठी, हा वाद निन्टेन्डो कंपनीने 2017 सालीच निकाली काढला, याबद्दल तिचे जाहीर अभिनंदन. 'स्विच' या आपल्या यंत्राच्या गेमकार्डांना तिने डेनॅटोनियम बेंझोएटचा लेप दिला. जगातल्या कडूतल्या कडू पदार्थांत याची गणना होते. कारल्याने यापुढे मान खाली घालावी. हेतू स्तुत्य होता: टपाल तिकिटाएवढे कार्ड लहान मुलांनी गिळू नये.

लेपाची चाचणी मात्र मोठ्यांनीच पार पाडली. दाढीमिशा फुटलेल्या समीक्षकांनी कार्ड जिभेवर ठेवले, तोंड वेडेवाकडे केले आणि ते शास्त्रीय निरीक्षण जगाला कळवले. मग इतरांनी, कडू आहे हे वाचून, स्वतःही चाटले. विज्ञानात पडताळणीला महत्त्व असतेच.

तेव्हा यंत्रनिर्मात्यांना नम्र सूचना. खोक्यावर किमान वयासोबत कमाल वयही छापावे. 'तीस वर्षांवरील व्यक्तींनी पाल्यांच्या देखरेखीखाली वापरावे,' अशी ओळ ठळक अक्षरांत असावी. पालक-नियंत्रणाचा पिन सातवीतल्या कन्येच्या स्वाधीन करावा. माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचणारी घरात ती एकटीच आहे, आणि तिने कार्ड अजून चाटलेले नाही.