माणूस चांगला, मत दुसऱ्याला

हिवाळा लागला की खानदेशातल्या शेतांवर भरताच्या वांग्यांसोबत लोकप्रतिनिधीही भाजले जातात. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी काळी पडेपर्यंत कुणाचं तिकीट कापलं जाणार, कुणाचं डिपॉझिट जाणार आणि कोण कुठल्या पक्षात उडी मारणार, याचा निकाल लागून गेलेला असतो. सध्या जाळावर आहेत धुळ्याच्या खासदार डॉ. शोभा बच्छाव. पक्ष काँग्रेस, लोकसभेत पहिलीच खेप, पिंड मवाळ आणि मतदारसंघ भाजपच्या वळणाचा. २०२९ ला ताईंचं काय होणार, असं विचारलं की अहिराणीत ठरलेलं उत्तर येतं: "ताई चांगल्या शेतस, पन..." आणि पुढचं वाक्य कळण्याच्या पुरीबरोबर गिळलं जातं.

ते गिळलेलं वाक्य बाहेर काढण्याचा हा प्रयत्न.

आधी गणित. २०२४ च्या लोकसभेला ताईंना ५,८३,८६६ मतं पडली, भाजपच्या डॉ. सुभाष भामरेंना ५,८०,०३५. फरक ३,८३१ चा. आमच्याकडे पुढाऱ्याच्या मुलाच्या लग्नात याहून जास्त पत्रावळी उठतात. मतदारसंघात विधानसभेच्या सहा जागा: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, बागलाण, मालेगाव बाह्य आणि मालेगाव मध्य. पहिल्या पाचांनी मिळून भामरेंना सुमारे १ लाख ९० हजारांची आघाडी दिली. एकट्या मालेगाव मध्यने ताईंना १ लाख ९४ हजारांची दिली. बेरीज-वजाबाकी झाली आणि ताई दिल्लीला गेल्या.

देवेंद्र फडणवीसांनी याला 'व्होट जिहाद' म्हटलं, काँग्रेसने लोकशाहीचा विजय म्हटलं. आम्हाला त्यातला नियम तेवढा कळला. पाच मतदारसंघ एका बाजूला झुकले तर तो जनादेश, आणि सहावा दुसऱ्या बाजूला झुकला तर ते ध्रुवीकरण. उलट बाजूच्या चष्म्यातून पाहिलं तर हेच वाक्य उलटं वाचावं, अर्थ बदलत नाही.

गंमत म्हणजे लढत होती दोन डॉक्टरांची. भामरे कर्करोगाचे शल्यचिकित्सक, संरक्षण राज्यमंत्री राहिलेले, आवाज न चढवणारे. त्यांच्या मातोश्री काँग्रेसच्या आमदार होत्या. ताई नाशिकच्या माजी महापौर, आरोग्य राज्यमंत्री राहिलेल्या. म्हणजे दोन्हीकडचे उमेदवार सौम्य आणि ताप सगळा मतदारांना. दोघांपैकी कुणीही निवडून आलं असतं तरी संसदेत एक मवाळ डॉक्टरच गेला असता. पण ही गोष्ट प्रचारात सांगण्यासारखी नव्हती. तिने कुणाचं रक्त उसळलं नसतं.

ताईंची उमेदवारी जाहीर झाली तेव्हा पहिली आरोळी स्वपक्षातूनच उठली: उमेदवार बाहेरच्या! नाराजीत काँग्रेसच्या जिल्हाध्यक्षांनी राजीनामे दिले. आता मतदारसंघाचं नाव धुळे असलं तरी सहापैकी तीन तुकडे नाशिक जिल्ह्यातले आणि धुळे जिल्ह्यातले साक्री, शिरपूर नंदुरबारला जोडलेले. २००८ च्या पुनर्रचनेने मालेगावची वेगळी लोकसभा गेली आणि ते धुळ्याच्या दारात आलं. अशा मतदारसंघात बाहेरचं कोण, हे ठरवायला सर्व्हेअर बोलवावा लागेल. शेवटी ज्या मालेगाव मध्यने बाहेरच्या ताईंना तारलं, तेच नकाशावर खानदेशाबाहेरचं निघालं.

यावर कुणी म्हणेल, जिंकणं महत्त्वाचं. खरं आहे, पण जिंकण्याला सोबत लागते, आणि ती पाच महिन्यांतच पांगली. ८ नोव्हेंबर २०२४ ला पंतप्रधान धुळ्यात आले. विधानसभेच्या प्रचारातली महाराष्ट्रातली त्यांची पहिली सभा इथलीच, आणि 'एक हैं तो सेफ हैं' ही घोषणा त्यांनी इथेच दिली. धुळेकरांनी शब्दशः घेतलं. जिल्ह्यातल्या पाचही जागा महायुतीकडे, शेजारच्या जळगावातल्या अकराही महायुतीकडे. सोळापैकी सोळा. ज्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तिथे आता काँग्रेसच्या आमदाराला भेटायचं तर जिल्ह्याबाहेर जावं लागतं.

ताईंच्या लोकसभेतले सहाही आमदार दुसऱ्या पक्षांचे झाले. मालेगाव मध्यचं तर नवलच. लोकसभेला ज्याने काँग्रेसला दोन लाखांच्या जवळ मतं दिली, त्या मतदारसंघात विधानसभेला काँग्रेसचा उमेदवार पहिल्या दोघांतही नव्हता. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल १६२ मतांनी निवडून आले आणि हरले ते आसिफ शेख. त्यांच्या नव्या पक्षाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'इस्लाम' होतं. अशा गावात मवाळ सेक्युलर उमेदवाराला पडलेली मतं प्रेमाची होती की उसनी, हे आम्ही कशाला सांगावं? उसनवारीत एक सोय असते, देणारा परत मागायला स्वतः येतो.

म्हणून २०२९ चा अंदाज ताईंच्या कामावरून बांधू पाहणाऱ्यांची आम्हाला कीव येते. २०२४ ला एमआयएमने धुळ्यात उमेदवार दिला नाही, आणि वंचितचे अब्दुर रहमान यांचा अर्ज छाननीत बाद झाला. म्हणजे ताईंना निवडून आणण्यात जे उभे राहिले त्यांच्याइतकाच वाटा जे उभे राहिले नाहीत त्यांचाही होता. इथे उमेदवाराचं भवितव्य पाहायचं तर त्याची कुंडली मांडू नये, अर्ज माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीननंतर दुसऱ्यांची यादी पाहावी.

पक्ष तरी सोबत आहे का? धुळे ग्रामीणचे कुणाल पाटील म्हणजे काँग्रेसचे प्रदेश कार्याध्यक्ष राहिलेले, रोहिदास पाटलांचे चिरंजीव, खासदार चुडामण पाटलांचे नातू. घराणं तीन पिढ्यांचं काँग्रेसी. २०१९ ला लोकसभा हरले, २०२४ ला विधानसभा हरले आणि १ जुलै २०२५ ला भाजपमध्ये गेले. तीन पिढ्यांची निष्ठा दोन पराभवांत संपली. मतदाराने पक्ष बदलायच्या आत नेत्याने बदलावा, हा दूरदृष्टीचा भाग झाला.

ताईंना यातून निराश व्हायचं कारण नाही, कारण जळगावात याहून वाईट घडतं. तिथे उन्मेष पाटील २०१९ ला पहिल्यांदा खासदार झाले, मताधिक्य चार लाखांहून जास्त. तरुण, अभ्यासू, गिरणेवरच्या बलून बंधाऱ्यांसाठी नदीकाठाने परिक्रमा करणारे. २०२४ ला भाजपने तिकीट कापलं. त्यांनी एप्रिलमध्ये उद्धव ठाकरेंची शिवसेना गाठली, पण तिथे लोकसभेची उमेदवारी मित्राला, करण पवारांना मिळाली आणि भाजपच्या स्मिता वाघ अडीच लाखांवर मतांनी जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये चाळीसगावातून उन्मेष पाटील स्वतः विधानसभेला उभे राहिले आणि तिथेही पडले. म्हणजे धुळ्यात ३,८३१ नी जिंकलेल्याची खुर्ची पाच वर्षं पक्की आणि जळगावात चार लाखांनी जिंकलेल्याला पुढचं तिकीटही नाही. जळगावच्या पहिल्या टर्मवाल्याने मतदाराची भीती बाळगू नये, उमेदवार यादीची बाळगावी.

पक्की व्यवस्था पाहायची तर मुक्ताईनगरात पाहावी. सासरे एकनाथ खडसे शरद पवारांच्या राष्ट्रवादीत, लेक रोहिणीताई त्याच पक्षाच्या महिला प्रदेशाध्यक्ष आणि सून रक्षाताई भाजपकडून केंद्रात राज्यमंत्री. वारा कुठलाही सुटो, एक खिडकी उघडी असतेच. एकट्या माणसाला मवाळ राहणं जड जातं, मोठ्या घराला झेपतं.

राहिला विकास. मनमाड-इंदूर रेल्वे हा भामरेंचा ध्यास. फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळे-नरडाणा टप्प्याचं भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पुढे ३०९ किलोमीटरच्या, १८,०३६ कोटींच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २ सप्टेंबर २०२४ ला, म्हणजे भामरे पडल्यावर तीन महिन्यांनी. दहा वर्षं पाठपुरावा एकाने केला, मंजुरीच्या दिवशी खासदार दुसऱ्या आणि निर्णय तिसऱ्यांचा. काम पुरं व्हायचं उद्दिष्ट २०२८-२९, नेमकं निवडणुकीच्या तोंडावर. गाडी वेळेवर आली तर श्रेय दिल्लीचं. उशीर झाला तर "खासदार काय करत होत्या?"

आता गिळलेलं वाक्य. "ताई चांगल्या शेतस, पन आमनी पहिली पसंती दुसरी शे." भाजपच्या कार्यकर्त्याला विचारा, काँग्रेसवाल्यांत त्यातल्या त्यात बरं कोण? ताई. मालेगावात विचारा, आपला माणूस उभा नसेल तर कोण? ताई. पाच मतदारसंघांची दुसरी पसंती आणि सहाव्याची अडचणीतली पसंती, अशी ही लोकप्रियता. नाशिक पदवीधर मतदारसंघात, ज्यात धुळे-जळगावही येतात, दुसऱ्या पसंतीची मतं मोजायची सोय आहे. लोकसभेच्या यंत्रावर मात्र ते बटण नाही.

तेव्हा आमचा सल्ला एवढाच. ताईंनी मालेगाव मध्यची भाजपवरची नाराजी पाच वर्षं नीट राखावी. ती कुठल्या तिसऱ्या पक्षाकडे वळू देऊ नये. उरलेल्या पाच मतदारसंघांत लग्नं, दशक्रिया, भरीत पार्ट्या यांतलं काही चुकवू नये. तिथे मतं मिळतीलच असं नाही. पण माणूस चांगला, यावर सर्वपक्षीय एकमत नक्की होईल. त्यासाठी मतदान लागत नसल्याने तिथे पराभवाचीही भीती नाही.