तीनशे लिटरचा संसार

घरात मासे ठेवणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिला मुलाच्या हट्टाखातर काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश आणतो, दिवसातून चारदा खाऊ घालतो आणि थोड्याच दिवसांत त्या भांड्यात मनीप्लांट लावतो. हा माणूस निरुपद्रवी असतो, मासे सोडून सर्वांना. दुसरा डिस्कसवाला.

डिस्कस हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. बशीसारखा गोल, चपटा, देखणा आणि अतिशय मानी. त्याला पाणी 28 ते 30 अंशांचं लागतं, मऊ लागतं, किंचित आम्ल लागतं, सोबतीला पाच-सहा भाऊबंद लागतात. एवढं करूनही काही बिनसलं की तो अन्न टाकतो, काळवंडतो आणि कोपऱ्यात तोंड खुपसून उभा राहतो. पूर्वी आपल्याकडे इतके हट्ट फक्त जावयाचे पुरवत.

या गृहस्थाकडे पहिल्यांदा मासे बघायला जावं तर मासेच नसतात. तीनशे लिटरची टाकी असते, दिवा लावलेला असतो, फिल्टर गुरगुरत असतो आणि आत नुसतं पाणी. ‘टाकी मुरतेय,’ तो म्हणतो. मग चहा येईपर्यंत तुमचा वर्ग घेतो. माशांच्या अंगातून अमोनिया सुटतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी सोसवतं. ही मंडळी फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर त्यांच्या पोटापाण्यासाठी हा बाटलीतला अमोनिया स्वतःच्या हाताने टाकीत ओततो. रोज परीक्षानळीत थेंब टाकून पाणी तपासतो. हिरवं दिसलं की घरात सुतक. अखेर एके दिवशी पिवळं निघतं आणि तो वहिनींना हाका मारतो. वहिनी पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी येतात, पिवळं बघतात, ‘छान’ म्हणतात आणि परत जातात. स्वतःची साखर त्याने शेवटची कधी तपासली, हे मात्र विचारू नये.

तीनशे लिटर पाणी म्हणजे तीनशे किलो, काच आणि स्टँड वेगळे. खालच्या मजल्यावरच्या काकू छताकडे बघत जेवतात.

उन्हाळ्यात टँकर आला की सोसायटी आनंदते आणि हा चिंतेत पडतो, कारण ते पाणी बोअरचं, जड. म्हणून आरओचं पाणी माशांना आणि माणसांना उकळलेलं. नळाला पाणी आलं तरी त्यात क्लोरीन. त्यासाठी बादल्या रात्रभर भरून ठेवायच्या, म्हणजे सकाळी आंघोळीला जागा नाही. फिरायला गेला की रस्त्यावरची देशी बदामाची वाळकी पानं वेचून आणतो. ती पाण्यात टाकली की पाणी जरा आम्लाकडे झुकतं आणि चहाच्या रंगाचं होतं. एकदा हा रंग न पाहवून कामाच्या मावशींनी फिल्टरचा स्पंज काढला आणि नळाखाली साबण लावून पांढराशुभ्र केला. सहा आठवड्यांची वस्ती मिनिटात वाहून गेली. मावशींना अजून कळलेलं नाही की साहेब त्या दिवशी जेवले का नाहीत. माझं मत मावशींच्या बाजूने आहे. स्वच्छ करायला सांगितलं, त्यांनी केलं.

घर शाकाहारी. तरी फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात कोळंबीचा डबा असतो, चातुर्मासातसुद्धा.

सगळं जमलं आणि जोडी लागली, तर तो पाहुण्यांना धरून नेतो. डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. पिल्लं एकाच्या अंगाला लगडली की तो दमतो, अंग हिसडून त्यांना जोडीदाराकडे धाडतो आणि काही वेळाने पुन्हा स्वतःकडे घेतो. हे सांगताना त्याचा गळा भरून येतो. ‘बघा, बापसुद्धा!’

‘अहो, पण तो मासा परत घेतो,’ वहिनी आतून म्हणतात. ‘तुम्ही कधी घेतलीत?’

यावर तो थर्मामीटर बघायला जातो.

असा शेजारी तुम्हाला असेल, तर लग्नकार्याला गावी जाताना तो किल्ली तुमच्याकडेच देणार. सोबत दोन पानी सूचना, वीज गेली तर करायचे उपाय आणि ‘खाऊ घालू नये’ या वाक्याखाली तीन रेघा. तुम्हाला ते निर्दयपणाचं वाटेल. मासे काचेपाशी येऊन तोंड उघडमीट करतील, तुम्हाला दया येईल. पण निरोगी, मोठ्या डिस्कसला चार दिवसांच्या उपवासाने काही होत नाही. न खाल्लेलं अन्न मात्र तळाशी कुजतं आणि अमोनिया वाढवतं. तेव्हा किल्ली घ्या, मासे बघा, हवं तर त्यांच्याशी बोला, पण खाऊच्या डब्याला हात लावू नका.